बहात्तरच्या दिवाळीचं मुखपृष्ठ

"देव आसा काय मयत?"

मालवणच्या बाजारात फोटोंना फ्रेमा करून देणाऱ्या सुदेशने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी काखेतली जाड फाईल त्याच्या टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणालो, "दोन्ही नाही. ही दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आहेत."

मी हायस्कुलात तेहतीस वर्षं नोकरी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे महत्त्वाचं काही बोलायचं असलं की मी आपोआप प्रमाण मराठीत शिरतो. घरी बायकोसमोर ही चैन परवडत नाही.

सुदेशने एकेक चित्र उलटसुलट करून पाहिलं. दिवा घेतलेली बाई, गजरा माळणारी बाई, तुळशीपाशी उभी असलेली बाई, पत्र वाचणारी बाई. "बायलमाणसाच सगळी," तो म्हणाला. "तुमच्या घराण्यातली?"

"नव्हे. 'किनारदीप' नावाचा दिवाळी अंक निघायचा. एकसष्ट ते पंच्याऐंशी, पंचवीस वर्षं. त्यातली ही चोवीस मुखपृष्ठं. एकच वर्ष मिळायचं आहे, बहात्तर. ही कला आहे, सुदेश."

"तां खरा हो. पण माझ्याकडे पट्टी दोनच. देवाक सोनेरी, वर झिरोचो तांबडो बल्ब. मयताक तपकिरी, वर हाराक हूक. तुमका खंयची?"

पाठीमागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यांतल्या एकाच्या हातात खरोखरच मयताचा फोटो होता, आणि तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर मला सोसवेना. मी घाईघाईने म्हणालो, "तुला योग्य वाटेल ती लाव." तेहतीस वर्षांत मी शिपायालासुद्धा हे वाक्य कधी ऐकवलं नव्हतं.

आठ दिवसांनी फ्रेमा आल्या. अकरा सोनेरी, तेरा तपकिरी. वर्गीकरणाचा निकष विचारला तेव्हा सुदेश म्हणाला, "जी हसतत ती देव. जी गंभीर आसत ती मयत." पत्र वाचणाऱ्या बाईपाशी मात्र तो बराच अडला असावा. तिच्या सोनेरी फ्रेमेवर बल्बही होता आणि हूकही होता. "हिचा काय नक्की होयना," एवढाच खुलासा त्याने केला.

आता हा सगळा खटाटोप कुठे मांडायचा, तर आमच्या घराच्या समुद्राकडच्या खोलीत. ती खोली मिळवणं हे मुखपृष्ठं मिळवण्यापेक्षा अवघड होतं. आमच्या देवबागात एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यावर होमस्टे आहेत. ज्यांच्याकडे एकच खोली आहे ते तीही पर्यटकांना देऊन स्वतः पडवीत झोपतात. आमच्या सुगंधाचा, म्हणजे बायकोचा, त्या खोलीवर दोन वर्षांपासून डोळा होता.

"नाताळाच्या आदी एकदा काय तां उद्घाटन करा," तिने निर्वाणीचं सांगितलं. "चार माणसा इली, बरा म्हणाली, तर खोली तुमची. नायतर तुमची ही बायला माळ्यार जातली आणि हय पुण्याची माणसा रवतली."

मी अट मान्य केली. डिसेंबरचा तिसरा रविवार ठरवला. प्रमुख पाहुणे म्हणून वेंगुर्ल्याचे चित्रकलेचे निवृत्त सर यायला कबूल झाले, तेही पंचवीस वर्षांची सलग मालिका बघायला मिळणार म्हणून. "अर्धवट संग्रह मी बघत नाही," असं ते फोनवर म्हणाले होते. मला त्यांचा हा कडकपणा फार आवडला. पुढे काय होणार आहे ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

फ्रेमा टांगायला सुरुवात करताच शेजारचा परशुराम हजर झाला. परशुराम म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. त्याला देवाला गाऱ्हाणं घालता येतं, विंचू उतरवता येतो आणि दुसऱ्याच्या भिंतीत खिळा कुठे ठोकावा हे नक्की कळतं.

"मयत दक्षिणेक," तो म्हणाला. "देव दक्षिणेक चलाचे नाय."

"परशुराम, ही मुखपृष्ठं सालवारीने लागणार."

"लाव मेल्या सालवारीन. मगे घरात काय झाला तर माका सांगा नको."

मी सालवारीने लावली. त्याच संध्याकाळी बल्ब लागतात का हे बघायला अकराही बल्ब एकदम पेटवले आणि घरातली वीज गेली. गंमत म्हणजे परशुरामाकडचीही गेली. त्याच्याकडे उतरलेलं साताऱ्याचं कुटुंब अंधारात अंगणात येऊन उभं राहिलं. परशुरामाने फक्त दक्षिणेकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सुगंधाची मावसबहीण दीपिका आंबोलीहून आली. पाण्याचा तांब्या हातात घेऊन ती सहज त्या खोलीत डोकावली आणि तिथेच थबकली. तपकिरी फ्रेमेतल्या तेरा बायका, काही नऊवारीतल्या, काही पाचवारीतल्या, सगळ्या गंभीर. तिने तांब्या खाली ठेवला, हात जोडले आणि हलक्या आवाजात मला विचारलं, "भावोजी, होडी बुडाली काय?"

मी तिला सांगितलं की ही कला आहे. ती म्हणाली, "व्हय, व्हय," आणि स्वयंपाकघरात जाऊन सुगंधाजवळ रडली.

कलेचा एवढा गैरसमज होतो आहे म्हटल्यावर बाहेर रीतसर बोर्ड लावावा असं माझ्या मनात आलं. 'मुखपृष्ठ दालन' असा. ग्रामपंचायतीत नम्रता मॅडम नव्याने आल्या होत्या, कामाला चोख. त्यांनी अर्ज वाचला आणि प्रमाण मराठीत विचारलं, "वापर कोणता लिहू? निवासी, व्यावसायिक की धार्मिक?"

"सांस्कृतिक."

"तो रकाना नाही, सर."

"मग 'इतर' लिहा."

"'इतर'ला ग्रामसभेचा ठराव लागतो. ग्रामसभा जानेवारीत आहे. व्यावसायिक केलंत तर आज होईल. धार्मिक केलंत तर माझ्या हातात नाही, ते वर जातं." मग माझा चेहरा पाहून त्यांनी मऊपणे विचारलं, "तिथे नक्की काय आहे, सर? गावात लोक दोन प्रकारे सांगतात."

दोन प्रकारे म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. स्वतः हेडक्लार्क असताना मी कित्येकांना असाच नसलेला रकाना दाखवून घरी पाठवलेलं होतं. टेबलाच्या या बाजूने तो रकाना फारच वेगळा दिसतो. बोर्डाचा विचार मी सोडला.

इकडे बहात्तरचा पत्ता नव्हता. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले इथली रद्दीची दुकानं पालथी घातली. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'बहात्तर सालचा किनारदीप कोणाकडे आहे का' असं टाकलं, तर एकाने बहात्तर सालची शेतसाऱ्याची पावती पाठवली, दुसऱ्याने स्वतःचा जन्मदाखला पाठवला आणि उरलेल्यांनी त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. शेवटी कोल्हापूरच्या एका जुन्या पुस्तकवाल्याने "आहे, पाठवतो" म्हणून कळवलं. त्याच्या शब्दावर मी आमंत्रणपत्रिका छापून घेतल्या. 'किनारदीप दिवाळी अंक : सलग पंचवीस वर्षांची संपूर्ण मुखपृष्ठमालिका'. 'संपूर्ण' हा शब्द मी मुद्दाम लाल रंगात घेतला.

पत्रिका आल्या त्याच दिवशी कोल्हापूरचं पार्सल आलं. आत बहात्तरचा अंक होता खरा, पण तो कुठल्यातरी मासिकाचा लोणची-पापड विशेषांक. मुखपृष्ठावर कैरी होती.

मी पत्रिका वाटायला निघालो. छापलेली पत्रिका घरात ठेवून बसण्याइतका धीर माझ्यात नव्हता, आणि बारा दिवसांत काहीतरी होईल अशी एक वेडी आशा होती. पाचवं-सहावं घर जयवंतीकाकीचं.

जयवंतीकाकी आमच्या वाडीत सगळ्यात वडील, ब्याऐंशी वर्षांची. तिच्या माजघरात एक लक्ष्मीचा फोटो आहे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पहिल्यांदा पाण्यात लोटायच्या आधी वाडीतले सगळे तिथे नारळ ठेवून जातात. मीही लहानपणापासून उंबऱ्यातूनच त्या लक्ष्मीला हात जोडत आलो. देवाला निरखून बघायची आपल्यात पद्धत नाही.

मी पत्रिका पुढे केली. काकी म्हणाली, "आदी तिच्या पायाकडे ठेव. मगे माका दी."

मी आत गेलो, वाकलो, पत्रिका ठेवली आणि नवीन चष्म्यातून माझी नजर वर गेली. होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाशी, एक बाई उभी होती. हिरवं नऊवारी, वाऱ्याने फुगलेला पदर, हातात दिवा. हात दोनच. खालच्या कोपऱ्यात हळदीच्या पुटातून एक वळणदार सही डोकावत होती, ती माझ्या चोवीसपैकी चौदा फ्रेमांवर आहे. सहीशेजारी 'दिवाळी १९७२'. आणि जिथे कुंकवाचा थर सगळ्यात जाड होता तिथे, 'किंमत तीन रुपये'.

मी वाकलो होतो तो तसाच राहिलो. माझी एवढी भक्ती बघून काकीने मला दोन नारळवड्या दिल्या.

घरी येऊन सुगंधाला सांगितलं तर ती म्हणाली, "खबरदार! त्या देवीच्या जीवार वाडीची माणसा दर्यात जातत." परशुरामाने मात्र तोडगा काढला. "काकीक नवी लक्ष्मी नेऊन दी. चार हातांची, लायटीची. गाडी बिघडली की आमी दुसरी दितंव, पासिंजर काय रडत बसता?"

मी सुदेशकडून चार हातांची, सोनेरी पट्टीची, बल्बची लक्ष्मी आणली. ती घेऊन काकीकडे गेलो आणि अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारल्यावर सांगून टाकलं, "काकी, वाईट वाटून घेऊ नको. ही देवी न्हय. एका अंकाचा मुखपृष्ठ आसा."

काकी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"माका म्हायत नाय काय? घोवान वेंगुर्ल्याच्या बाजारातसून अंक हाडल्यान. वाचून झालो तसो मियाच फाडलंय, काच घातलंय. सासू म्हणाली, हिका हात दोनच कशे? मिया म्हटलंय, दोन मागे आसतले."

"मग देवी कशी काय?"

"त्या वर्षी तुफान झाला. चार होडये गेले. आमची परत इली." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "कागद तो कागदच रे. आणि गणपती काय मातयेचो न्हय?"

मी आणलेली लक्ष्मी उचलून कोपऱ्यात ठेवली.

"तुका होयी तर तिका इचार," काकी म्हणाली. "जावचा काय रवाचा, तां तिचा ती सांगात. माझा काय?"

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवळात पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको म्हणाला. इथे पाषाणाच्या जागी काच होती. म्हणजे एका मुखपृष्ठाला, त्याच्याच काचेवर पाकळ्या चिकटवून, माझ्या संग्रहात यायला ते राजी आहे का हे विचारायचं होतं. अंधश्रद्धेवर मी वाचनालयात दोनदा भाषण केलेलं आहे. दोन्ही वेळा अध्यक्ष परशुराम होता.

ठरल्या सकाळी काकीच्या माजघरात वाडी जमली. मी इस्त्रीचा सदरा घातला होता. परशुरामाने पाकळ्या लावल्या आणि घसा साफ करून सुरू केलं, "गे देवी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

"ह्यो सत्यवान, ह्या मुखपृष्ठा जमवता..."

"होय म्हाराजा!"

"तेका पंचवीस करूची आसत, चोवीस झाली, पत्रिका छापून झाली..."

"होय म्हाराजा!"

"तर तुका तेच्याकडे जावचा आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी, आणि तेचा हसा होव देव नको!"

'होय म्हाराजा' यावेळी जरा जास्तच जोरात झालं. आणि उजवी पाकळी सुळकन घसरून खाली पडली.

खोटं कशाला सांगू, मला अतोनात आनंद झाला. संपूर्ण! लाल अक्षरांत छापलेला तो शब्द खरा ठरला होता. वेंगुर्ल्याच्या सरांसमोर मान ताठ ठेवून उभं राहता येणार होतं. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते.

काकी उठली. तिने फोटो खिळ्यावरून उतरवला, पदराने काच पुसली आणि हळूच म्हणाली, "भियाव नको गो." मग ती निरांजन उचलायला वळली. भिंतीवर काजळीच्या मधोमध एक पांढरा स्वच्छ चौकोन उरला होता. काकी पेटलेलं निरांजन हातात घेऊन त्या चौकोनासमोर उभी राहिली. पन्नास वर्षं रोज जिथे ठेवलं तिथे ते ठेवावं की नाही, हे तिला कळेना. कोपऱ्यात माझी चार हातांची लक्ष्मी बल्ब लावून तयार होती. तिच्याकडे काकीने पाहिलंसुद्धा नाही.

मला माझी लाज वाटली.

"थांबा," मी म्हणालो. "कौल ग्राह्य धरता येणार नाही."

"कित्याक?" परशुराम चमकला.

"प्रश्न मोघम होता. जायचं म्हणजे कायमची बदली, की तात्पुरती नेमणूक? हे स्पष्ट झालेलं नाही. पुन्हा विचारावं लागेल."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर वाडीने त्याला खाडीत टाकलं असतं. पण परशुरामाची हयात खात्याच्या नोकरीत गेली होती. त्याने गंभीरपणे मान हलवली. "तां खरा. कायम असात तर उजवो, भेटीपुरती असात तर डावो."

"पाकळ्या अर्जदाराने लावायच्या असतात," मी ठणकावून सांगितलं. असा काही नियम नाही. फोटो पुन्हा खिळ्यावर गेला. उजवी पाकळी मी तांब्यात चांगली बुडवली आणि अंगठ्याने दाबून काचेवर बसवली. डावी मात्र लावायच्या आधी सदऱ्याला पुसली. सेवापुस्तकात एकही खोटी नोंद न केलेला मी, एका देवीच्या दप्तरात हात घालत होतो. परशुरामाचं दुसरं 'म्हाराजा' तोंडात असतानाच डावी पडली.

"भेटीपुरती!" परशुराम ओरडला. "भैणींका भेटूक जातली आणि परत येतली!"

आमच्याकडे एका गावची देवी दुसऱ्या गावच्या बहिणीला भेटायला वाजतगाजत जाते, दिवसभर राहते, ओटी घेऊन परत येते. त्यामुळे वाडीला सगळं एकदम पटलं. माझ्या घरी तिच्या चोवीस बहिणी राहतात एवढंच त्यांना आजवर कुणी नीट समजावलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला ढोल वाजत १९७२ आलं. काकी पुढे, फोटो परशुरामाच्या डोक्यावर, मागे सगळी वाडी. मी सूचना द्यायच्या आधीच लोकांनी चपला बाहेर काढल्या. वेंगुर्ल्याच्या सरांनीही काढल्या. एकाहत्तर आणि त्र्याहत्तर यांच्यामध्ये मी फोटो लावला. सर फोटोच्या खालच्या कोपऱ्यापाशी वाकले. मग म्हणाले, "या कोपऱ्यातलं कुंकू जरा पुसलं तर सही..." चाळीस-पन्नास माणसं त्यांच्याकडे बघू लागली. "नको," सर म्हणाले, "दिसतेय." बायकांनी ओटी भरली आणि हळदीकुंकू घेऊन चोवीस बहिणींकडे वळल्या. मी काचेचे आभार मानले. नम्रता मॅडमसुद्धा येऊन गेल्या. हात जोडताना त्यांनी मला हळूच सांगितलं की आता हे प्रकरण वरच जाईल.

दुपारी सुगंधा दारात उभी राहून खोलीकडे बघत होती. "हयसर आता पुण्याची माणसा कशी झोपतली?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "पुढच्या वर्षी येतली मां ती?" मी हो म्हणालो. ती पुरणाचं बघायला गेली.

चारपर्यंत सगळे पांगले. खोलीत मी आणि काकी दोघेच उरलो. ती खुर्चीवर बसून बशीतून चहा पीत होती आणि एकेका चित्राकडे बघत होती.

"सत्यवाना," ती म्हणाली, "डावी पाकळी तू सदऱ्याक पुसलंस."

मी काहीतरी बोलायला गेलो. प्रमाण मराठी सुचेना, मालवणीही सुचेना.

"मिया बघलंय. तिनापण बघल्यान." काकीने बशी खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते. "त्या घडयेक हातात दिवो घेऊन उभी होतंय ना रे, माका वाटला, आता ह्यो ठेवू खंय?"

मी खाली बघत राहिलो. पंचवीस वर्षांची संपूर्ण मालिका माझ्या डोक्यावर होती आणि मला तिच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

"चल," काकी खुर्चीचा हात धरून उठली. "दिवेलागण व्हायच्या आदी ती घरात होयी."

मी चपला न घालता स्टुलावर चढलो, तिला भिंतीवरून उतरवलं, डोक्यावर घेतलं आणि काकीच्या मागून चालू लागलो.